सुलाबाईच्या हातचा रस

नवसाबाईच्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे शरणपूर रोडच्या मागच्या त्या ख्रिस्ती वस्तीत लहान पोरांनाही ठाऊक होतं. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं जमलेलं लग्न मोडलं, पाळकीणबाईंनी नवं पातळ कुठून घेतलं, सगळं आधी तिला कळायचं आणि तासाभरात वस्तीला. अशा बाईने एकदा उन्हाळा संपल्यापासून गणपती येईपर्यंत तोंड शिवून घेतलं होतं. आता ती पंच्याऐंशीला टेकलीय, कानांनी कमी ऐकते, पण ती गोष्ट निघाली की अजून ताठ होऊन बसते. "मी गप्प राहिले होते, मी!" असं छातीवर हात ठेवून सांगते आणि ऐकणाऱ्याला काही केल्या खरं वाटत नाही.

तिचं नावच मुळी चमत्कारिक. हरसूलकडच्या तिच्या आईबापांनी नवस बोलून ती झालेली, आणि ती सहा वर्षांची असताना सगळं घर ख्रिस्ती झालं. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनरी बाई म्हणाली, हिचं नाव बदलू. बाप म्हणाला, "नवस कुनाला का बोललो आसंना बाई, पोर दिली तर त्यानंच ना?" नाव राहिलं ते राहिलंच.

ही गोष्ट ऐंशी सालची. तेव्हा गंगापूर रोडला एवढ्या इमारती कुठल्या! जरा पुढे गेलं की द्राक्षाचे मळे आणि पेरूच्या बागा. दिवस मावळल्यावर रस्त्याला सायकलचा दिवा दिसला, तर कोण बरं आलं म्हणून लोक अंगणात उभे राहून बघायचे. वस्तीतलं देऊळ छोटं, कौलारू होतं. देऊळच म्हणायचे सगळे. चर्च म्हणणारी पिढी अजून शाळेत होती. साठ-सत्तर माणसांची मंडळी, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून पुढच्या मेजावर पावाचे छोटे तुकडे आणि द्राक्षरस. रसाचे काचेचे पेले अंगठ्याएवढे, भोकाभोकांच्या तबकात लावलेले. तबक बाकावरून बाकावर हातोहात फिरायचं. ज्याने त्याने आपला पेला उचलून धरायचा, आणि उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी "घ्या" म्हटलं की सगळ्यांनी एकदम प्यायचा.

हा रस करायची सुलाबाई, नवसाबाईची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वस्तीत आलेल्या, वीस वर्षं एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहिलेल्या, देवळातही तिसऱ्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या. रसाचं काम सुलाबाईला सासूकडून आलेलं. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या आणि साखर घालून पुन्हा एक कढ आणायचा. सासूचा एक नियम होता. हा रस करताना चाखायचा नाही. "आधी त्याच्या मेजावर, मग आपल्या जिभेवर." पाळकसाहेबांनी म्हातारीला कितीदा समजावलं की आजी, हा नैवेद्य नव्हे, चाखला म्हणून काही बिघडत नाही. म्हातारी हो हो म्हणायची आणि चाखायची नाही. सुनेनेही तेच धरलं. हाताचा अंदाज असा की वीस वर्षांत रस कधी इकडचा तिकडे झाला नाही.

त्या वर्षी मे महिन्यात सुलाबाईचा नवरा नाथा गेला. टपालखात्यात होता, रविवारी देवळात पेटी वाजवायचा. भला माणूस. चहात तीन चमचे साखर घालून प्यायचा आणि वर बायकोला म्हणायचा, तू ढवळलास म्हणून गोड लागतो. तापाचं निमित्त झालं. आठ दिवस सगळी मंडळी रोज संध्याकाळी त्याच्या घरी जमून गुडघे टेकत होती. सुलाबाई तर खाटेचा पाय धरून बसायची आणि प्रत्येक प्रार्थनेला आमेन म्हणायची. तिला पक्की खात्री होती की एवढ्या माणसांचं तो ऐकणार. नवव्या दिवशी पहाटे नाथा गेला.

सुलाबाई रडली नाही. पुरलं तेव्हा नाही, नंतर नाही. बालवाडीत शिकवायला जायची, घरी यायची, उंबऱ्यावर बसायची. पुन्हा उठायला तिला अर्धा तास लागायचा, इतकी ती थकलेली दिसायची. एकदा नवसाबाई म्हणाली, "सुले, चल, दोघी मिळून प्रार्थना करू." तर सुलाबाई सरळ म्हणाली, "माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे. रस करीन. ते सासूबाईंचं काम आहे, ते सोडायची नाही. पण मला प्यायला सांगू नका."

जूनचा पहिला रविवार आला. सुलाबाईने रसाची बाटली आणून दिली आणि तिसऱ्या बाकावर येऊन बसली. तबक आलं तसं तिने ते न थांबवता पुढे दिलं. नवसाबाईने तिच्या रिकाम्या हाताकडे बघितलं. इतक्यात पाळकसाहेबांनी "घ्या" म्हटलं आणि साठ माणसांनी एकदम पेले तोंडाला लावले.

रस खारट होता. थोडाथोडका नव्हे, असा की जीभ आत ओढली जावी. नवसाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. पुरुषांच्या बाजूला रिटायर झालेले कारभारी मास्तर ठसकले आणि ठसका खोकल्यात घालून मोकळे झाले. पाळकसाहेबांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडेचनात. पण प्रभूच्या मेजावरचं थुंकणार कोण? सगळ्यांनी गिळलं. सुलाबाई खाली मान घालून बसली होती, तिला यातलं काहीच दिसलं नाही. उपासना सुटल्यावर तिनेच पेले विसळले आणि ती घरी गेली.

मग देवळासमोरच्या चिंचेखाली ही गर्दी! पाळकीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी घरी दुसरा करते, गुपचूप बदलून टाकू."

"आणि तिच्या हातचा म्हणून ठेवायचा?" पाळकसाहेब म्हणाले. "मेजावर खोटं नको."

"मग सांगून टाका तिला," कारभारी मास्तर म्हणाले. "मला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय हो."

पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, देवाशी तिचा एवढा एकच धागा उरलाय. साठ माणसांना मीठ पाजलं हे कळलं, तर ती बाई पुन्हा या देवळाची पायरी चढेल? चुकून पडलं असेल एकदा. कुणी बोलू नका." मग त्यांनी मान वळवली. "नवसाबाई, हे विशेषकरून तुम्हाला."

सगळे हसले. नवसाबाईला राग आला, पण त्यांचं तरी काय चुकलं होतं?

घरी नवसाबाईला चैन पडेना. चुकून कसं पडेल? सुलीच्या घरात मीठ खड्यांचं, चिनी मातीच्या बरणीत. तिने महिनाभर डोकं खाजवलं. तिचा नवरा पुंजाराम म्हणाला, "तुझं पोट फुगलंय. कुणाला तरी सांगून टाक, नाहीतर दवाखान्यात न्यावं लागेल." आणि मग जुलैतल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, भाकऱ्या थापताना तिला एकदम उमगलं. कळवणची लंकाबाई! नाथाची बहीण मयतीला आली ती महिनाभर राहिली, आणि रिकाम्या हाताने बसवेना म्हणून तिने भावजयीला कैरीचं लोणचं घालून दिलं. लोणच्याला मीठ भाजून बारीक कुटलं होतं. उरलेलं तिने नक्कीच साखरेच्या डब्यात ओतलं असणार. सुली तर नाथा गेल्यापासून कोरा, बिनसाखरेचा चहा पिते, आणि आल्यागेल्याला चहा विचारायचंही तिच्या ध्यानात राहत नाही. तो डबा महिन्यातून एकदाच उघडतो, रसासाठी!

नवसाबाईने ताबडतोब घरातली होती नव्हती ती साखर कागदात बांधली. त्या साली साखर रेशनच्या कार्डावर मिळायची आणि बाहेर भाव विचारायची सोय नव्हती. पुडी पदराखाली घेऊन ती मागच्या दाराने सुलाबाईच्या स्वयंपाकघरात शिरली. सुलाबाई नळावर गेलेली. डबा उघडला, बोट घालून चाटलं. मीठच! "लंके, काय करून ठेवलंस गं," असं ती पुटपुटली आणि डबा रिकामा करायला तिने ओंजळ आत घातली.

"काय चाललंय?"

दारात सुलाबाई उभी होती, कडेवर कळशी.

नवसाबाईचे दोन्ही हात डब्यात. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"साखर पाहिजे होती तर मागायचीस," सुलाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "डबाच्या डबा दिला असता. मी घरात नाही बघून चोरी करायची? तीही प्रभूच्या रसातली?"

चाखून बघ, असं नवसाबाईच्या अगदी ओठांवर आलं. दोन शब्दांत सगळं मिटलं असतं. पण समोर सुली उभी होती, डोळ्यांखाली काळं झालेलं, कळशी उतरवायचंही त्राण नसलेलं. नवसाबाईने हात झटकले, मान खाली घातली आणि आली तशी मागच्या दाराने निघून गेली. पाठीमागे सुलाबाईने डबा उचलून ट्रंकेत टाकल्याचा आणि कुलूप लावल्याचा आवाज तिला ऐकू आला.

भिंती पातळ. संध्याकाळपर्यंत वस्तीला कळलं की नवसाबाईला साखर चोरताना पकडलं. या एका बातमीसाठी वस्तीला नवसाबाईची गरज पडली नाही. तिने पाळकसाहेबांना तेवढं खरं सांगितलं. ते लगेच चपला घालू लागले. "मी आत्ता जाऊन सांगतो तिला. तुमच्यावर चोरीचा आळ नको."

"नको," नवसाबाई म्हणाली.

"अहो, वस्ती काय म्हणतेय माहीत आहे ना?"

"मला लोक आजवर लय काही म्हणालेत, पाळकसाहेब. अजून एक. पण तिचा रस राहू द्या तिच्याकडे." आणि मग ती तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडली, कारण बोलणं सोपं होतं आणि सुलीने तोंड फिरवलेलं सोसवत नव्हतं.

जुलैत रस खारट. ऑगस्टमध्ये खारट. पाळकसाहेबांनी एवढंच सांगितलं की डब्याची गफलत आहे आणि डबा कुलपात आहे. मंडळीने मुकाट्याने गिळलं. कारभारी मास्तर आदल्या दिवशी अळणी जेवू लागले आणि वरून बायकोला सांगायचे, उद्या सुलाबाईचा रस आहे. आता हसू येतं, पण तेव्हा त्यांनी कधी तक्रार केली नाही. सुलाबाई दर खेपेला तबक पुढे द्यायची. तिसऱ्या बाकावर ती आता दुसऱ्या टोकाला बसायची, आणि मधे दोन बायकांची जागा मोकळी असायची.

नवसाबाई दोनदा तिच्या दाराशी गेली. दोन्ही वेळा दार लागलं. रात्री अंथरुणावर पडून ती देवाला सांगायची, "मला एवढं तोंड दिलंस, आता ते बंद ठेवायची ताकदही दे." ताकद मिळत होती. पण तिच्या मनात हळूहळू दुसरंच काही शिरलं. आधी वाईट वाटत होतं, मग राग यायला लागला. मी हिच्यासाठी चोर झाले, आणि ही माझ्याकडे बघतही नाही! भिंतीपलीकडे भांडं वाजलं तरी तिचं कपाळ उठायचं.

मंडळीत रीत अशी की प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी तयारीची प्रार्थना व्हायची. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने त्या संध्याकाळी जाऊन मिटवायचं, आणि मनात अढी ठेवून पेला उचलायचा नाही. सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळी नवसाबाईने स्वतःच्या मनात डोकावून बघितलं. अढी होती, चांगली घट्ट होती.

दुसऱ्या दिवशी तबक आलं. तिने ते घेतलं आणि पेला न उचलता सरळ दुसऱ्या टोकाला सुलाबाईकडे सरकवलं.

सुलाबाईने नेहमीसारखं तबक पुढे देण्यासाठी हातात घेतलं आणि तिची नजर नवसाबाईच्या रिकाम्या हातांवर गेली. वीस वर्षांत हे झालं नव्हतं. बाळंतपणातून उठून ही बाई मेजाला आली होती. सुलाबाई तबक घेऊन तशीच बसली. मागच्या बाकावरच्या बायका वाट बघत राहिल्या.

"नवसे, तू का नाही घेतलास?" ती कुजबुजली. पण देवळात इतकी शांतता की पुरुषांच्या बाजूलाही ऐकू गेलं.

"तुझं-माझं मिटलं नाही म्हणून."

"त्या ओंजळभर साखरेपायी?"

"तू मला चोर म्हणालीस. ते माझ्या मनात बसलंय. काढायला गेले, निघत नाही."

सुलाबाईचा चेहरा कसनुसा झाला. ती उठली आणि तबक सांभाळत मधली जागा ओलांडून नवसाबाईला खेटून बसली. "माझं भांडण त्याच्याशी आहे गं," ती म्हणाली. "त्याच्यात तू कशाला उपाशी राहतेस? मी चोर म्हणायला नको होतं. साखर गेली खड्ड्यात. घे."

"तू चार महिने उपाशी बसलीयस ते? तू घे, मग मी घेते."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पाळकसाहेबांकडे बघितलं तर ते मेजाशी पांढरेफटक होऊन उभे. कारभारी मास्तरांनी हातातला पेला घट्ट धरला. आता कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं.

सुलाबाई बराच वेळ तबकाकडे बघत राहिली. मग तिने एक पेला उचलून नवसाबाईच्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि तबक मागे दिलं. शेवटच्या बाकापर्यंत पेले पोचले. पाळकसाहेबांचा "घ्या" जेमतेम ऐकू आला.

सगळ्यांनी एकदम पेले तोंडाला लावले. सुलाबाईनेही लावला.

घोट तिच्या घशाशी अडला. तिने डोळे मोठे करून इकडेतिकडे बघितलं. बायकांनी पेले रिकामे करून पदराने ओठ टिपले. पुरुषांनी पेले खाली ठेवले. कारभारी मास्तरांनी मिशा पुसल्या. एकानेही तोंड वाकडं केलं नाही, एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही. सवय झालेली माणसं होती ती.

तिने कसाबसा घोट गिळला. "नवसे, हा... हा कधीपासून असा आहे?"

नवसाबाईला खोटं बोलता आलं नाही. "जूनपासून. लंकाबाईने त्या डब्यात लोणच्याचं मीठ भरलं गं."

"आणि तू त्या दिवशी डब्यात..."

"बदलायला आले होते. माझ्या घरची साखर होती पदराखाली."

"आणि हे सगळे? सगळे पीत होते?"

नवसाबाईने नुसती मान डोलावली.

सुलाबाईने रिकामा पेला दोन्ही हातांत धरला आणि तिला रडू फुटलं. मेपासूनचं सगळं एकदम आलं. नवसाबाईने तिला धरून ठेवलं. मनातली अढी कुठे गेली ते तिचं तिला कळलं नाही. कुणी उठलं नाही, कुणी गाणं सुरू केलं नाही.

बऱ्याच वेळाने सुलाबाईने तोंड पुसलं आणि ती पाळकसाहेबांकडे बघून मोठ्याने बोलली. "आठ दिवस तुम्ही माझ्या घरात गुडघे टेकलेत आणि त्याने ऐकलं नाही. मला वाटलं, त्याने माझ्याकडे पाठ फिरवली. आणि तो तर इथे बाकाबाकावर बसून माझं मीठ पीत होता."

पाळकसाहेब मेजाशीच उभे होते. त्यांनी चष्मा काढला.

"तबकात पेले उरलेत का?" सुलाबाईने विचारलं.

"आहेत थोडे."

"आणा इकडे. जून, जुलै, ऑगस्ट. माझे तीन राहिलेत."

असं कुठल्या नियमात बसत नव्हतं. पाळकसाहेब स्वतः तबक घेऊन मधल्या वाटेने चालत आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. सुलाबाईने पहिला पेला संपवला, दुसरा संपवला. तिसऱ्याला हात घातला तेव्हा नवसाबाईला राहवलं नाही.

"पुरे गं सुले, घसा जळेल."

"जळू दे," सुलाबाई म्हणाली, आणि तिने तिसरा पेलाही संपवला.